ओकवांगोला जायची तिथी

"हत्तीच बघायचा ना? मग देवळात चल," हे आमच्या यजमानांनी मला गेल्या वर्षभरात किती वेळा ऐकवलं असेल त्याला सुमार नाही. "सोंड डोक्यावर ठेवतो, आशीर्वाद देतो, वर घरापासून चालत जाता येतं. नाहीतर शेजारच्या इन्नंबूरला चल, तिथल्या देवळाचं शिखरच हत्तीच्या पाठीसारखं आहे." एवढं बोलून ते कॉफीचा पेला खाली ठेवायचे आणि आपण फार मोठा विनोद केला अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायचे. मी ऐकून घ्यायची. माझं काय जात होतं? माझं ठरलं होतं. आफ्रिकेत जायचं, बोट्सवानात, ओकवांगो नदीवर, पाऊस नसतो आणि जनावरं पाण्यावर येतात त्या दिवसांत. आणि याच वर्षी.

या "याच वर्षी"वर मी अडून बसले होते, कारण आमच्या संसारात "पुढच्या वर्षी" या शब्दांनी माझं फार काही गिळलं होतं. काश्मीर गिळलं, अंदमान गिळलं, शाळेतल्या बायकांबरोबर राजस्थानला जायची तिकिटंसुद्धा काढून झाली होती, तेही गिळलं. दर वेळी कारण खरं असायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाची तिथी, दुकानाची दिवाळी, सासूबाईंचं अंथरूण. कुणाला दोष देता येऊ नये अशीच कारणं, आणि म्हणूनच मला जास्त राग यायचा. भांडायला समोर माणूस तरी हवा की नाही!

तेव्हा मी निवृत्त झाले त्या दिवशी यजमानांकडून शब्दच घेतला. त्यांचं पितळी समया आणि भांड्यांचं दुकान पुतण्याकडे सोपवून झालं होतं, मुलगी लग्न होऊन बंगळूरला होती, घरात आम्ही दोघंच. "तू म्हणशील तिथे," असं ते बोलून गेले. त्यांना वाटलं असेल, ही फार तर काशी म्हणेल. शिवाय त्यांचे गुडघे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या वर्षी जीपमध्ये चढता-उतरता येईल, पुढचं काही मी सांगत नाही, शस्त्रक्रिया करावीच लागणार. म्हणजे पुढचं वर्ष मला नव्हतंच.

आता ओकवांगोच का, ते सांगते. मी आयुष्यभर इथे कुंभकोणमला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. शिकवायचा तमिळमधून, आणि घरी यायचं ते मराठीत. आमची मराठी ही तंजावरची, राजांच्या वेळी आली आणि इथेच राहिली. पुण्याकडची माणसं आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतात. आम्हीही त्यांचं ऐकून हसतो, फक्त ती गेल्यावर.

सासूबाई शेवटची काही वर्षं पलंगावरच होत्या. मी संध्याकाळी त्यांच्या पायथ्याशी बसून पेपर तपासायची. त्यांना करमणूक हवी असायची, म्हणून प्रश्न मोठ्याने वाचायची आणि मुलींनी काय काय दिवे लावलेत तेही वाचून दाखवायची. एकदा प्रश्न होता, समुद्राला न मिळणाऱ्या एका नदीचं नाव लिहा. एका पोरीने लिहिलं होतं, कावेरी. मी लाल पेन्सिलीने फुली मारायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "फुली कशाला मारतेस? बरोबर लिहिलंय की पोरीने. उन्हाळ्यात तुझी कावेरी कुठल्या समुद्राला मिळते? वाळू मिळते वाळूला."

मग खरं उत्तर काय, ते सांगणं भाग पडलं. मी सांगितलं, ओकवांगो म्हणून एक नदी आहे आफ्रिकेत. पाऊस पडतो दूर दुसऱ्याच देशातल्या डोंगरांवर. ते पाणी महिनोन्‌महिने चालत येतं आणि खाली सगळं वाळून गेलेलं असतं तेव्हा पोचतं. समुद्राकडे जातच नाही, जमिनीवर हाताच्या बोटांसारखं पसरतं आणि तिथेच संपतं. त्या पाण्यावर हत्तींचे कळपच्या कळप येतात, पायात साखळी नसलेले.

सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाल्या, "आपल्यासारखंच की गं. पाऊस पडतो कूर्गात, आणि इथे कावेरीचा पूर बघायला आपण नवी साडी नेसून जातो." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू जाऊन ये. आणि आलीस की मला सगळं नीट सांग." त्यांना बोलायचं असेल ते त्या हुकूम सोडल्यासारखं बोलायच्या. मी "बरं" म्हटलं. पुढे वर्षभरात त्या गेल्या, श्रावणाच्या वद्यपक्षात. माझं "बरं" तेवढं मागे राहिलं.

तर तयारी. मुलीने चेन्नईतल्या एका प्रवास कंपनीतली मुलगी गाठून दिली. फोनवर गोड बोलायची, पण नियम सांगायला लागली की माझ्याच वर्गातली मॉनिटर वाटायची. लहान विमानातून जायचं, म्हणून पेट्या नकोत, मऊ पिशव्या. मलेरियाच्या गोळ्या. आणि कपडे मातकट रंगाचे. निळे नकोत, तिथली एक चावरी माशी निळ्यावर येते. पांढरे तर अजिबात नकोत, जनावरं लांबून बघतात.

पांढरे नकोत म्हटल्यावर आमच्या घरात भूकंप. यजमानांनी जन्मभर पांढऱ्या वेष्टीशिवाय, म्हणजे इकडच्या धोतराशिवाय, काही नेसलेलं नाही. दुकानात वेष्टी, लग्नात वेष्टी, मुलीच्या शाळेत बोलावणं आलं तेव्हा वेष्टी. लग्नात माझ्या वडिलांनी त्यांना पँटचं कापड घेतलं होतं, त्याच्या मी पुढे पिशव्या शिवल्या. "मी पँट घालून हत्तीसमोर जाणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, "हत्तीची काही हरकत नाही, मी विचारून घेतलंय." शेवटी मोठ्या रस्त्यावरच्या शिंप्याकडे नेऊन दोन मातकट पँटी शिवून घेतल्या. माप देताना त्यांनी जो चेहरा केला होता तसा दाढ काढतानाही केला नव्हता. पँटी आल्या, कपाटात गेल्या, त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

सकाळी मी त्यांना महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर न्यायची. चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. तिकडच्या होड्या अगदी बुटक्या असतात, तळाशी पाय लांब करून बसावं लागतं आणि हलायचं नाही, म्हणून रोज दुपारी त्यांना ओट्यावर पाटावर पाय पसरून बसवायची. बोलायचं नाही, हातवारे नाहीत. रस्त्यावरून जाणारे ओळखीचे लोक विचारायचे, "काय, बरं नाही का?" आणि त्यांना उत्तर द्यायची चोरी. एक दिवस वैतागून म्हणाले, "तू शाळेतून निवृत्त झालीस ते शाळेच्या हिताचंच झालं." पण बसायचे. मला सांगायचं ते हेच, की कुरकुर करत का होईना, बसायचे.

आता आमच्याकडून जी चूक झाली ती. अशी चूक आमच्याच माणसांकडून व्हावी. इथे सगळं गाव सूर्याच्या महिन्यांवर चालतं, आडी, आवणी, पुरट्टासी. भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडरही त्याचंच. आमच्या घरातले सण आणि तिथ्या मात्र चंद्राच्या महिन्यांवर, चैत्र-वैशाखावर, महाराष्ट्रात धरतात तसे. त्यासाठी वेगळं मराठी पंचांग लागतं. ते दर पाडव्याला तंजावरचे एक नातेवाईक आणून द्यायचे. या वर्षी ते मुलाकडे राहायला गेले आणि पंचांग काही आलं नाही.

सहलीची तारीख धरताना सासूबाईंचं श्राद्ध आधी उरकलेलं हवं, हे न बोलताही ठरलेलं होतं. यजमान म्हणजे एकुलता एक मुलगा, दुसरं कोण करणार? ते भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. गेल्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला होती, या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला येणार. आपण सप्टेंबर धरू." मी मान डोलावली. चंद्राचं वर्ष लहान असतं आणि ती तूट भरून काढायला मधेच एक अख्खा महिना जास्तीचा घालतात, हे मी वर्गात चेंडू आणि दिवा घेऊन शिकवलेलं. पण तमिळ कॅलेंडरात तो महिना डोळ्यांपुढे येत नाही, आणि मला तर तेव्हा नुसती जीप दिसत होती. आम्ही सप्टेंबरचा पहिला आठवडा पक्का केला.

मग एके सकाळी आमचे वाध्यार, म्हणजे पुरोहित, सायकल लावून आत आले आणि विचारलं, "मामी, अधिक महिना लागला. दानाचं काय करायचं?"

"कुठला अधिक?" यजमानांनी विचारलं.

"अधिक ज्येष्ठ. या वर्षी सगळंच महिनाभर पुढे गेलंय. तुमच्या आईची तिथी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते, मी लिहून आणलीय." त्यांनी वार सांगितला. त्या दिवशी आम्ही ओकवांगोच्या पाण्यात, बुटक्या होडीत बसलेले असणार होतो.

मी आत जाऊन वाध्यारांसाठी कॉफी केली. कुणावर राग काढायचा ते कळेना. चंद्रावर काढायचा? बाहेर आले आणि सरळ विचारलं, "यातून वाट काय आहे ते सांगा. नाही म्हणायला आम्ही दोघं आहोतच."

वाध्यार वयाने लहान, पण समजूतदार. म्हणाले, प्रवासात असलेल्या माणसाला शास्त्रात सवलत आहे. शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा देऊन आमश्राद्ध करता येतं. निघण्याआधी शिधा त्यांच्याकडे द्यायचा, ते त्या दिवशी ब्राह्मणाच्या हातात घालतील. आणि मुलाने असेल तिथे नदीत उभं राहून तर्पण करायचं. मी तिथल्या तिथे चेन्नईला फोन लावला. ती मुलगी म्हणाली, तीळ नेता येणार नाहीत, बी-बियाणं त्या देशात नेऊ देत नाहीत. वाध्यारांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग नुसतं पाणी. पाणीही नसलं तर दोन हात वर करून सांगायचं, आज माझ्याजवळ एवढंच आहे. तेही पोचतं."

मला वाटलं, सुटलं. पण वाध्यार गेले तरी यजमान खुर्चीतून हलेनात.

"शिधा चालेल," ते म्हणाले. "पाणीही चालेल. पण घराचं काय?"

"घराचं काय?"

"त्या दिवशी आई येणार. दर वर्षी येते. दाराशी येईल आणि कुलूप बघून परत जाईल." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त्या मुलीला फोन करून सांगतो. पुढच्या वर्षी बघू."

शब्द ऐकले मात्र, माझ्या मस्तकात तिडीक गेली. आईनेच मला जा म्हटलं होतं, हे मी त्यांना सांगितलं, आजवर शंभरदा सांगितलं होतं तरी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "आई काय, काहीही बोलायची." मी आणखी भांडले असते. पण त्यांचा चेहरा बघितला. ते काही सबब सांगत नव्हते. सत्तरीला आलेला हा माणूस खरोखरच बंद दारासमोर उभी असलेली आपली आई बघत होता.

मी एवढंच म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत फोन करायचा नाही. करून तर बघा." आणि त्यांचा मोबाइल माझ्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिरुविडैमरुदूरची बस धरली. तिथे अक्का राहतात, यजमानांची थोरली बहीण. आमच्या घरातल्या सगळ्या तिथ्या, सगळं सोवळं, कुठल्या भाजीला मोहरी घालायची आणि कुठल्या नाही, या सगळ्याचा शेवटचा शब्द अक्कांचा. दर श्राद्धाला आदल्या दिवशी बसने येतात, येताना केळीची पानं घेऊन येतात, आणि खीर त्यांच्याच हातची लागते. लग्न झाल्यापासून मी या बाईंना घाबरत आले. पण अक्का नाही म्हणाल्या तर निदान नाही म्हणणारं माणूस तरी समोर असेल, असा विचार करून गेले.

त्या ओट्यावर बसून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. तारीख, अधिक महिना, शिधा, तीळ, कुलूप. शेवटी सांगितलं, "अक्का, मला जायचंच आहे. तुम्ही रागवा, पण मी जाणार आहे. आणि मला ते बरोबर हवेत."

अक्कांनी डाळीतला एक खडा उचलून बाहेर टाकला. "पंचांग माझ्याकडे होतं," त्या म्हणाल्या. "मला कोण विचारतंय?"

मीही सुपातला एक खडा उचलून टाकला.

"आणि तो काय म्हणतो, आई कुलूप बघून परत जाईल?"

"होय."

"आई?" अक्का म्हणाल्या. "आजारी असताना शेजारणीच्या घरचा वास येऊन आज त्यांच्याकडे वडे आहेत म्हणून वाटी पाठवणारी बाई ती. ती कुलूप बघून परत जाणार?" मग सूप बाजूला ठेवलं. "मुलीने श्राद्ध करायचं नाही, एवढंच ना? दार उघडून बसायला मला कुणी बंदी केलीय? किल्ली दे. आदल्या दिवशी येते नेहमीसारखी. खीर करते. दार उघडं ठेवून बसते. आई आली की तिला सांगते, ते दोघं तिकडे गेलेत, तूही जा."

मी पदराने डोळे पुसले. अक्कांसमोर मी कधी रडले नव्हते, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि भुवया आकसून माझ्याकडे बघितलं.

"पण तिला वाट कोण सांगणार? तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकापलीकडे ती एकटी कधी गेली नाही. नीट सांग मला."

मी सूप पुढे ओढलं आणि डाळ पसरून सपाट केली. या कडेला कुंभकोणम. इथून रेल्वेने चेन्नई. चेन्नईहून विमान, मधे एकदा उतरून दुसऱ्यात बसायचं. मग खाली, डाळीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, जोहान्सबर्ग. तिथून माऊन नावाचं लहानसं गाव. तिथून अगदी छोटं विमान, मग पाणी.

"मधे समुद्र?"

"आहे. पण वरून जायचं."

"बरं आहे. होडीत बसलं की तिला उलटी होते." अक्का सुपावर वाकल्या. "आणि ती नदी समुद्राला मिळत नाही म्हणालीस ना?"

"नाही मिळत. तिथेच संपते."

"मग चुकायची भीती नाही. नदी धरून जायचं, संपली की तिथे हे दोघं." त्यांनी डाळीवर बोट फिरवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. माऊनच्या आधी अडकल्या. मी पुन्हा म्हणायला लावलं. आयुष्यात एवढी मन लावून शिकणारी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती.

घरी आल्यावर यजमानांना मोबाइल परत दिला आणि सांगितलं, दार उघडं राहणार आहे, अक्का बसणार आहेत. त्यांनी मोबाइल घेऊन खिडकीत ठेवला. चेन्नईला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी न सांगताच ते ओट्यावर पाटावर पाय पसरून बसले.

निघायच्या आदल्या दिवशी शिधा वाध्यारांकडे पोचवला, अक्कांसाठी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली. पिशव्या भरत होते तेवढ्यात फोन वाजला. यजमानांनी उचलला. पलीकडून अक्कांचा खणखणीत आवाज मला पिशव्यांपाशी ऐकू येत होता, नमस्कार नाही, काही नाही. "चेन्नई, मधे एक उतरणं, जोहान्सबर्ग, माऊन, छोटं विमान, मग नदी संपते तिथे. बरोबर ना? बायकोला विचारून सांग."

यजमान फोन कानाला लावून कपाटाजवळ उभे होते. मग त्यांनी कपाट उघडून ती मातकट पँट बाहेर काढली आणि हातावर टाकली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि अक्का, आईला आणखी एक सांग. मी वेष्टीत नसेन, पँटीत असेन. नाहीतर ती मला ओळखायची नाही."